अंधारात डोळे सरावले की दिसायला लागतं का? एका लाईटवाल्याचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. तुमची लेक सहावीत आहे, पुस्तकात लिहिलंय की प्रकाश नसेल तर वस्तू दिसत नाही, आणि ती म्हणते हे चूक आहे, कारण रात्री दिवा बंद केल्यावर आधी काही दिसत नाही पण थोड्या वेळाने कपाट, पंखा सगळं दिसायला लागतं, म्हणजे डोळ्यांनाच सवय व्हायला हवी, प्रकाशाचा काय संबंध. शिवाय चंद्र प्रकाश देतो तर त्याला प्रकाशाचा स्रोत का म्हणायचं नाही हा तिचा दुसरा प्रश्न. आणि तुमचा स्वतःचा तिसरा, लक्ष्मी रोडवर घेतलेली वांगी रंगाची साडी घरी येऊन उघडली तर चॉकलेटी दिसली, दुकानदाराने फसवलं का.

मी 26 वर्षं पुण्यात नाटकांचे लाईट्स करतोय आणि गेली काही वर्षं दुकानांचं, घरांचं लायटिंगपण करतो, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांशी माझा रोजचा संबंध आहे. आणि पहिल्यांदा हे सांगतो की तुमची मुलगी चुकीचा विचार करत नाहीये, तिने जे पाहिलं ते बरोबर पाहिलंय, फक्त तिला एक गोष्ट माहीत नाही, की तिने आयुष्यात खरा अंधार कधी बघितलेलाच नाही. पुण्यात राहणाऱ्या कुणीच बघितलेला नसतो.

मी शाळांमधे सुट्टीतली शिबिरं घेतो तेव्हा हा प्रयोग आवर्जून करतो. एक खोली घ्यायची, खिडक्यांना काळं जाड कापड, कडेने काळी चिकटपट्टी, दाराच्या फटीत घडी घातलेली सतरंजी. एवढं करून दिवा बंद केला तरी सुरुवातीला काळोख वाटतो आणि पाच मिनिटांनी मुलं ओरडायला लागतात, सर दिसतंय. मग आम्ही शोधतो की उजेड येतोय कुठून. स्विचबोर्डवरचा इंडिकेटर, एसीचा हिरवा ठिपका, कुणाच्यातरी घड्याळाचा काटा, कडीच्या भोकातनं येणारी एक रेघ. एकेक बंद करत जायचं. सगळं खरंच बंद झालं की मग वीस मिनिटं बसलं, अर्धा तास बसलं, तरी काही म्हणजे काहीच दिसत नाही. आणि गंमत अशी की तेव्हासुद्धा काही मुलं अगदी शपथेवर सांगतात की आम्हाला आमचा हात हलताना दिसतोय. मग मी दुसऱ्याचा हात त्यांच्या डोळ्यांसमोर हलवायला सांगतो, तो दिसत नाही. स्वतःचा हात कुठे आहे हे मेंदूला आधीच माहीत असतं म्हणून तो एक सावलीसारखं चित्र आपणच तयार करतो. मुलं इथे एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेसाठी मी एवढी चिकटपट्टी खर्च करतो.

तर मग डोळे सरावतात म्हणजे काय होतं? बहुतेक लोक सांगतात की बाहुली मोठी होते. होते, पण ती साधारण 2 मिलिमीटरची 7 मिलिमीटर होते, म्हणजे आत येणारा उजेड फार तर बारापट वाढतो. खरं काम पडद्यावर चालतं, म्हणजे डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकूपेशी साधारण 60 लाख, त्या भरपूर उजेडात चालतात आणि रंग ओळखतात, आणि दंडपेशी साधारण 12 कोटी, त्यांना रंग कळत नाही पण अगदी कमी उजेड पुरतो. दंडपेशींमधे ऱ्होडॉप्सिन नावाचं एक रसायन असतं, ते लख्ख उजेडात विरघळल्यासारखं संपून जातं आणि अंधारात हळूहळू परत तयार होतं, त्याला अर्धा तास, कधी 40 मिनिटंही लागतात. ते बनायला अ जीवनसत्त्व लागतं म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. म्हणजे सराव होतो तो थोडासा उजेड पकडायचा. उजेड शून्य असेल तर पकडायला काही नाही, मग कितीही सराव होऊ दे.

नाटकात याचा फार उपयोग होतो. ब्लॅकआऊटमधे नटाला टेबल ओलांडून विंगेत जायचं असेल तर मी त्याला सांगतो की दिवे जायच्या आधी जमेल तेवढा वेळ, एकदीड मिनिट तरी, प्रेक्षकांकडून न दिसणारा डोळा मिटून ठेव. ब्लॅकआऊट झाला की तो उघड. त्या डोळ्याने थोडा सराव करून ठेवलेला असतो, त्याला पायऱ्यांची कड आणि टेबलाचा कोपरा अंधुक का होईना दिसतो, आणि प्रेक्षकांना त्याच वेळी काहीच दिसत नसतं कारण ते आत्ता आत्ता लख्ख स्टेज बघत होते. एकच हॉल, एकच उजेड. फरक फक्त डोळ्यांत.

आता मूळ मुद्दा. आपली भाषाच आपल्याला चकवते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, कुणाची नजर लागते, लहान बाळाची दृष्ट काढतो. सगळीकडे डोळ्यातून काहीतरी निघून वस्तूवर जाऊन पडतंय असं बोलणं. आणि ही फक्त बोलण्याची पद्धत नव्हती, न्यायदर्शन या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानात डोळा हे तेजाचं इंद्रिय आहे आणि ते वस्तूपर्यंत पोचतं असंच मानलं होतं, बौद्ध आणि जैन विचारवंत त्याला विरोध करायचे, ग्रीसमधेही डोळ्यातून किरण निघतात असं म्हणणारे मोठमोठे लोक होते. साधारण हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला इब्न अल-हैथम याने हे नीट मोडून काढलं. त्याचा एक मुद्दा सहावीच्या मुलीलाही पटेल, सूर्याकडे बघितलं तर डोळे दुखतात आणि मिटल्यावरही डाग दिसत राहतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येऊन डोळ्यावर परिणाम करतंय. डोळा काही पाठवत नाही, डोळा फक्त घेतो.

मी मुलांना चित्र काढायला लावतो, दिवा, पुस्तक, डोळा, आणि सांगतो बाण काढा. दहातली सात मुलं डोळ्याकडून पुस्तकाकडे बाण काढतात आणि दिव्याकडून काढतच नाहीत. बरोबर चित्रात बाण दिव्याकडून निघतो, पुस्तकावर आपटतो, आणि तिथून डोळ्यात जातो. हे चित्र तिच्याकडून एकदा काढून घ्या, पाठ करून घेऊ नका.

चंद्राचं मग सोपं होतं. सूर्य, पणतीची ज्योत, जुना पिवळा बल्ब, ट्यूब, एलईडी, काजवा हे स्वतः उजेड तयार करतात. बल्बमधे टंगस्टनची तार साधारण अडीच हजार अंशांपर्यंत तापते म्हणून उजळते, आणि वापरलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी नुसती उष्णता, स्टेजवर हजार वॉटच्या हॅलोजनखाली उभ्या राहिलेल्या कुठल्याही नटाला विचारा. काजव्यात उलट, रासायनिक क्रियेने थंड उजेड होतो, मे संपता संपता राजमाची, भीमाशंकरकडे गेलात तर झाडंच्या झाडं लुकलुकताना दिसतात, नेऊन आणा तिला एकदा. चंद्र यातलं काहीच करत नाही. त्याच्यावर सूर्याचा उजेड पडतो आणि त्यातला साधारण 12 टक्के तो परत फेकतो, बाकी शोषून घेतो. म्हणजे चंद्राचा दगड जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे! तरी तो चांदीसारखा दिसतो कारण त्याच्यावर पडणारं ऊन कडक आहे आणि मागे आकाश काळं आहे. चंद्र प्रकाश देतो हे खरं, पण दुपारी तुमच्या समोरच्या बिल्डिंगची पांढरी भिंतसुद्धा तुमच्या खोलीत प्रकाश देते. त्या भिंतीला आपण दिवा म्हणत नाही.

यावरून एक हिशेब सांगतो तो मला फार आवडतो. एखाद्या जागेवर किती उजेड पडतोय हे लक्समधे मोजतात, भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स असतो, घरात रात्री दीडशेच्या आसपास. काळ्या छत्रीचं कापड उजेडाचा पाच टक्के परत फेकतं असं धरा, म्हणजे उन्हातल्या छत्रीवरून पाच हजाराच्या हिशेबाने उजेड येतोय. घरातला पांढरा कागद 80 टक्के परत फेकतो, तर त्याच्यावरून येतोय 120 च्या हिशेबाने. म्हणजे उन्हातली काळी छत्री रात्रीच्या पांढऱ्या कागदापेक्षा चाळीसपट जास्त उजेड तुमच्या डोळ्यात टाकते आणि तरी तुम्हाला छत्री काळी आणि कागद पांढराच दिसतो. कारण डोळा किती उजेड आला हे मोजत नाही, आजूबाजूच्या तुलनेत किती आला हे बघतो. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. स्टेजवर एका माणसाला उठाव द्यायचा असेल तर नवखा लाईटवाला त्याच्यावर आणखी एक स्पॉट टाकतो, अनुभवी माणूस बाकीचे कमी करतो.

एक रेडियमचं सांगायचं राहिलं, कारण मुलं हे हमखास विचारतात. आपण गाडीच्या नंबरप्लेटवर, रिक्षाच्या मागे चिकटवतो त्याला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम नसतं आणि ते स्वतः उजळतही नाही. त्यात बारीक काचेचे मणी किंवा कोपरे असतात, ते प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणून तुमच्या हेडलाईटचा उजेड तुमच्याच डोळ्यांकडे येतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते तितकं चमकताना दिसतच नाही. मुलांच्या खोलीत छताला लावायच्या चांदण्या मिळतात त्या वेगळ्या, त्या दिवसाचा उजेड साठवून रात्री हळूहळू सोडतात, तो काही वेळापुरता का होईना खरा स्रोत. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना खरोखर रेडियम मिसळलेला रंग लावायचे, ते नाव तेवढं मागे राहिलं.

आता वस्तू प्रकाशाचं काय करते हा भाग, आणि इथे मला थोडं रमायचंय.

कसबा पेठेत तांबट आळीत कधी गेलात तर तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं, ठोक्याला ठोका लावून. आवाजच लांबून येतो. साधा घासलेला तांब्याचा पत्रा समोर धरलात तर एका जागी दिवा चमकतो आणि बाकी पत्रा काळपट दिसतो, कारण गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाशाला ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे पाठवतो, तुम्ही त्या वाटेवर नसाल तर तुमच्याकडे काही येत नाही. मठारलेल्या भांड्यावर प्रत्येक ठोक्याचा खळगा म्हणजे एक छोटा वाकडा आरसा, प्रत्येकात दिव्याचं एक वेगळं प्रतिबिंब, म्हणून तोच हंडा कुठूनही बघा, लखलखतो. ठोक्यांनी पत्रा कणखर होतो हे तर आहेच, पण मी जेव्हा भांड्यांच्या दुकानाचं लायटिंग केलं तेव्हा मला कळलं की मठारलेल्या मालाला एक छोटा स्पॉट पुरतो आणि सपाट मालाला मोठा पसरट उजेड लागतो. शेकडो वर्षं हे काम करणाऱ्या कारागिरांनी प्रकाशाचं शास्त्र हातोडीने लिहून ठेवलंय असं मला वाटतं आणि हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

भिंत, कागद, आपली त्वचा यांचं आणखी वेगळं, ते इतके बारीक खडबडीत असतात की प्रकाश सगळीकडे पसरतो. म्हणूनच खोलीतल्या दहा जणांना दहा जागांवरून एकच भिंत दिसते. प्रत्येक बिंदू सगळ्या दिशांना थोडा थोडा उजेड पाठवत असतो, हे वाक्य तिच्या वहीत लिहून द्या, पुढे फार उपयोगी पडेल. मीठ घ्या, एकेक दाणा पारदर्शक असतो, पण ढीग पांढरा दिसतो कारण दाण्यादाण्यावर प्रकाश आपटून विखुरतो.

आणि पाऊस. रात्री पावसात कर्वे रोडवरून गाडी चालवताना पट्टे दिसत नाहीत, रस्ता काळाकुट्ट, हा अनुभव सगळ्यांना आहे, आणि लोक म्हणतात माझा हेडलाईट कमी झालाय. हेडलाईट तेवढाच आहे. कोरडा रस्ता खडबडीत असतो, तो उजेड सगळीकडे विखरतो आणि त्यातला थोडा तुमच्याकडे परत येतो. ओल्या रस्त्यावर पाण्याचा थर बसला की तो आरशासारखा होतो, तुमचा उजेड पुढे निघून जातो, परत येतच नाही, आणि समोरच्या गाडीचा उजेड मात्र थेट तुमच्या डोळ्यात येतो. पट्ट्यांच्या रंगात तेच काचेचे मणी असतात, ते पाण्याखाली गेले की त्यांचं काम थांबतं. म्हणून पावसात जास्त पॉवरचा बल्ब बसवणं हा उपाय नाही, वेग कमी करा, काच आतून बाहेरून स्वच्छ ठेवा.

काच का दिसते हाही छान प्रश्न आहे. ती पारदर्शक आहे ना, मग दिसायलाच नको. पण हवेतून काचेत जाताना साधारण 4 टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परत फिरतो आणि बाकीचा थोडा वाकतो, त्या चमकेवरून आणि वाकण्यावरून आपण काच ओळखतो. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेची नळी खायच्या तेलात बुडवली तर ती जवळजवळ गायब होते, कारण तेलात आणि त्या काचेत प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, मग कड उरतच नाही. नळीत पण तेल भरायला विसरू नका, नाहीतर आतली हवा दिसेल. हा प्रयोग बघून माझ्या स्वतःच्या पुतणीने पहिल्यांदा विचारलं होतं की काका मग हवा का दिसत नाही, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

त्यावरून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला स्टेजने शिकवली. प्रकाश स्वतः दिसत नाही. कॉलेजात असताना एका एकांकिकेचे लाईट्स पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी वरून एक झकास निळा स्पॉट रिकाम्या जागेत टाकला, माझ्या डोक्यात तो निळा खांब उभा होता, पण प्रत्यक्षात जमिनीवर एक गोल आणि मधे काहीच नाही. सिनियर म्हणाला, अरे मधे त्याला अडवायला काही आहे का? धूर सोडला आणि तो खांब उभा राहिला. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की बाजूने जाणारा प्रकाश आपल्याला कधीच दिसत नाही, तो कशावर तरी आपटून आपल्या डोळ्याकडे वळला तरच कळतो. आपण ज्याला प्रकाशाचा झोत म्हणतो तो खरं तर उजळलेल्या धुळीचा, धुराचा, धुक्याचा झोत असतो.

यासाठी आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे, कवडसा. पेठांमधल्या जुन्या वाड्यात कौलातून ऊन यायचं, त्यात धूळ नाचताना दिसायची, उदबत्तीचा धूर त्यात शिरला की अजूनच ठळक. आपल्या जुन्या मोजमापांत झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या या कणाला त्रसरेणू म्हणायचे, म्हणजे कुणीतरी फार पूर्वी हे मन लावून बघत बसलं होतं. आणि कवडशाची आणखी एक गोष्ट बघा, कौलातली फट कशीही वेडीवाकडी असली तरी लांब जमिनीवर पडणारा कवडसा गोल असतो. तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. फटीपासून जमीन तीन सव्वातीन मीटर असेल तर ते चित्र साधारण 3 सेंटीमीटरचं येतं. झाडाखाली पानांच्या मधून पडतात ते ठिपकेही असेच गोल असतात, आणि सूर्यग्रहणाच्या दिवशी तेच सगळे ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. सूर्याकडे थेट बघू द्यायचं नाही, अजिबात नाही, जमिनीवरचे कवडसे बघा.

आकाशाचंही तेच. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा चारेकपट जास्त विखरतात म्हणून वर बघितलं की निळा येतो, आणि संध्याकाळी ऊन हवेतून लांबचा पल्ला मारून येतं तोवर निळा वाटेतच सांडलेला असतो. चंद्रावर हवा नाही म्हणून तिथे भर दिवसा आकाश काळं.

आता तुमची साडी. दुकानदाराने फसवलेलं नाही, निदान मुद्दाम तरी नाही. वस्तूला स्वतःचा असा रंग डब्यात भरून ठेवलेला नसतो. वांगी रंगाचं कापड काय करतं, पडलेल्या उजेडातला निळा आणि लाल भाग परत पाठवतं आणि हिरवा पिवळा बराचसा खाऊन टाकतं. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमधे सांगतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दुकानात बहुतेक वेळा 6500 केल्विनचे पांढरे दिवे असतात, त्यात निळा भरपूर. तुमच्या हॉलमधे वॉर्म दिवे असणार, 2700 किंवा 3000 चे, त्यात निळा कमी. परत पाठवायला निळा मिळालाच नाही तर वांग्यातला निळेपणा जातो आणि उरतो तो लालसर तपकिरी, म्हणजे चॉकलेटी. डोळा पांढऱ्या रंगाला जुळवून घेतो म्हणून तुम्हाला घरचे दिवे पिवळे आहेत हे जाणवतही नाही, साडीच बदलली असं वाटतं.

याचा एक टोकाचा नमुना घरी करता येतो. अप्पा बळवंत चौकात रंगीत जिलेटिन पेपर मिळतो, लाल घ्या, दोन तीन घड्या करून टॉर्चला लावा, खोलीत अंधार करा आणि पांढऱ्या कागदावर लाल पेनने लिहिलेलं बघा. अक्षरं गायब होतात, कारण कागद आणि शाई दोन्ही लालच परत पाठवतात. हिरव्या पेनने लिहिलेलं काळं दिसतं. आणि लोकांना वाटतं कागदाने प्रकाशाला रंग चढवला, तसं होत नाही, त्याने बाकीचे रंग अडवले. गडद निळा जिलेटिन लावला की दिव्याचा फारच थोडा उजेड बाहेर पडतो, बाकीचा सगळा त्या कागदातच तापून जातो, म्हणून आमच्याकडे जिलेटिनं सुकून, जळून भोकं पडायची. न्यूटनने लोलकाने हेच दाखवलं होतं की रंग पांढऱ्या प्रकाशातच असतात, काच ते घालत नाही, फक्त वेगळे करते.

एलईडीबद्दल मात्र सावध करतो. पांढरी एलईडी मुळात निळी असते, निळ्या चिपवर पिवळसर लेप दिलेला असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. निळी एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं, विजेची प्रचंड बचत झाली. पण स्वस्त एलईडीत गडद लाल फार कमी असतो. म्हणून त्याखाली कुंकू विटकरी दिसतं, टोमॅटो मेलेला दिसतो, माणसाचा चेहरा आजारी दिसतो. तपकीर गल्लीत दिवे घ्यायला गेलात की फक्त वॉट विचारू नका, सीआरआय विचारा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, 90 च्या वरचा घ्या, आणि जमलं तर आर नाईन, म्हणजे गडद लालचा आकडा, किती आहे तेही विचारा, कारण सीआरआयच्या नेहमीच्या आकड्यात फिके आठच रंग धरलेले असतात, गडद लाल त्यात येतच नाही. आकडे सांगायला दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर दिवा लावून त्याखाली आपला तळहात बघा. तळहात जिवंत दिसला पाहिजे. मी आजही आकड्याआधी तळहात बघतो.

आपल्या आज्या साडी घेताना काउंटरवरून उठून दुकानाच्या दारात जायच्या, उजेडात बघू म्हणून, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. पैठणीसारख्या कापडात तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याच, कोन बदलला की रंग बदलतो, ती तर हलवून, निरी घालून, दारातच बघायची. आणि साडी जिथे नेसणार तो उजेडही आठवा, संध्याकाळच्या रिसेप्शनला नेसणार असाल तर पिवळ्या दिव्याखाली बघून घ्या. मॅचिंग ब्लाऊज पीसचं तर आणखी अवघड, दोन वेगळे डाय असलेली कापडं एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फटकून वेगळी दिसतात. दोन प्रकारच्या उजेडात जुळली तरच घ्या. तुमची आत्ताची साडी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीत नेऊन बघा, वांगी दिसली तर परत करू नका, हॉलमधला एक दिवा बदला, 4000 चा चांगल्या सीआरआयचा, साडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

लेकीसाठी शेवटचं एक काम देतो. बुटांचं खोकं घ्या, आतून काळा कागद, झाकण नीट चिकटवा, आत तिला न दाखवता एखादं छोटं खेळणं ठेवा. एका बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि त्याला डोळा घट्ट लावून तिला वाट्टेल तितका वेळ बघू दे, तिच्या म्हणण्याप्रमाणे डोळे सरावू देत, दहा मिनिटं म्हणाली तर दहा. मग वरच्या बाजूला दुसरं भोक पाडायचं आहे, पण पाडायच्या आधी तिला कागद द्या आणि आता प्रकाश कुठून कुठे जाईल त्याचे बाण काढायला सांगा. तिचं चित्र पूर्ण होईपर्यंत कात्री हातात घेऊ नका.